श्वेतपेशींचे ग्राही आणि जंतूंची ओळख

शरीरात शिरलेल्या परक्या वस्तूभोवती भ्रमणशील पेशी गोळा होतात, हे एली मेचनिकॉफ यांनी १८८२ साली मेसिना येथे तारामाशाच्या अळीत काटा टोचून पाहिले. भक्षक पेशी हे संरक्षणाचे साधन होय, हा त्यांचा सिद्धांत पुढे सर्वमान्य झाला. परंतु समोर आलेला पदार्थ जंतूच आहे, हे पेशीला कळते कसे? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर मिळण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

लसीकापेशींच्या ग्राहींचा अभ्यास या काळात पुष्कळ झाला होता. हे ग्राही जनुकखंडांच्या यादृच्छिक जुळणीतून बनतात. त्यामुळे त्यांना असंख्य आकार ओळखता येतात, पण ओळखलेला आकार शत्रूचा की अन्नातील निरुपद्रवी प्रथिनाचा, याचा निवाडा त्यांना एकट्याने करता येत नाही. शुद्ध प्रथिन टोचले असता प्रतिसाद बहुधा क्षीण राहतो. त्यात मृत जंतूंचे अंश मिसळले की तो बळावतो. येल विद्यापीठातील चार्ल्स जेनवे यांनी १९८९ साली या अनुभवाचा अर्थ लावला. जंतूंच्या घडणीत जे घटक त्यांना टाकता येत नाहीत आणि जे प्राणिशरीरात आढळत नाहीत, ते ओळखणारे आनुवंशिक ग्राही असलेच पाहिजेत, असे त्यांचे अनुमान होते.

पुरावा आला तो फळमाशीकडून. गर्भाची पृष्ठ व उदर बाजू ठरविणारे 'टोल' नावाचे जनुक तिच्यात आधीच ज्ञात होते. हे जनुक बिघडलेल्या प्रौढ माश्या अ‍ॅस्परजिलस या बुरशीच्या संसर्गाने मरतात, असे ज्यूल हॉफमन यांच्या स्ट्रासबुर्ग येथील गटाने १९९६ साली सिद्ध केले. पुढील वर्षी मेझितोव व जेनवे यांनी मानवातील सदृश जनुक वर्णिले. १९९८ साली ब्रूस बॉयट्लर यांच्या गटाने उंदरांच्या एका वाणाचे कोडे उलगडले. ग्रॅम-ऋण जंतूंच्या बाह्यावरणातील लिपोपॉलिसॅकराइड हे विषारी द्रव्य या उंदरांना मुळीच बाधत नसे. मात्र त्याच जंतूंच्या संसर्गास ते सहज बळी पडत. दोष टोल-सदृश ग्राही क्रमांक ४ मध्ये होता. त्यातील एकच अमिनो आम्ल बदलले होते. विष न जाणवणे हे वरदान नसून आंधळेपण होते, हा या प्रयोगाचा खरा बोध होय.

या ग्राहीचे कार्य असे चालते. विषद्रव्याचा मेदयुक्त भाग एमडी-२ या साहाय्यक प्रथिनाच्या खोबणीत बसतो. त्यायोगे ग्राहीचे दोन रेणू एकत्र येतात व पेशीच्या आतील त्यांची टोके जवळ येऊन मायडी-८८ आदी प्रथिनांस जोडली जातात. तेथून निघालेला संदेश एनएफ-कप्पा-बी या घटकास केंद्रकात पोहोचवितो आणि दाह उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांची जनुके कार्यान्वित होतात. रक्तवाहिन्या पाझरू लागतात, अधिक श्वेतपेशी तेथे धावतात, ताप चढतो. वृक्षिका पेशी याच संकेताने परिपक्व होऊन लसीकापेशींना प्रतिजन व त्यासोबत धोक्याची खूण सादर करतात. मानवात असे दहा ग्राही ज्ञात आहेत. पाचवा जंतूंच्या कशाभिकेतील प्रथिन ओळखतो. तिसरा विषाणूंचे द्विसूत्री आरएनए पेशीच्या अंतर्गत कप्प्यांत हेरतो.

तथापि हीच यंत्रणा घातकही ठरते. संसर्ग रक्तात पसरला म्हणजे सर्व शरीरभर एकाच वेळी दाहाचा संदेश सुटतो, रक्तदाब कोसळतो आणि इंद्रिये निकामी होतात. चौथा ग्राही रोखणारे एरिटोरान हे औषध अशा रुग्णांवर अजमावले गेले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत त्याने मृत्यूचे प्रमाण घटले नाही. रुग्ण उपचारास येईपर्यंत संदेश बहुधा पुढे गेलेला असतो, हे याचे एक संभाव्य कारण होय. उलटपक्षी, त्याच विषद्रव्याचे सौम्य केलेले रूप लसींमध्ये साहाय्यक म्हणून उपयोगी पडले आहे. बॉयट्लर व हॉफमन यांना २०११ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जेनवे मात्र २००३ सालीच निवर्तले होते. ग्राही ओळखले गेले. त्यांचा आवाज योग्य वेळी चढविणे व उतरविणे, हे कार्य अद्याप शिल्लक आहे.