वाटखर्चाची तजवीज

प्रवासाचा खर्च दोन टोकांनी सांभाळावा लागतो. घरी पैसा बाजूला पडला पाहिजे आणि वाटेवर तो कमी लागला पाहिजे. बचतीविषयी जे काही सांगितले जाते ते बहुतेक पहिल्या टोकाविषयी असते. दुसरे टोक ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडले जाते. मध्यम आणि कमी मिळकतीच्या घरांना मात्र खरा हात या दुसऱ्या टोकानेच दिलेला आहे, आणि ते नीट पाहायचे असेल तर मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूरजवळच्या लोधीपुऱ्यात जावे.

लोधीपुऱ्यात दाऊदी बोहरा समाजाची दरगाह-ए-हकीमी आहे. हिजरी ११४२ मध्ये, म्हणजे इ.स. १७३० च्या सुमारास निधन पावलेले सय्यदी अब्दुल कादिर हकीमुद्दीन यांची ही कबर. गुजरात, मुंबई, माळवा आणि परदेशांतूनही बोहरा कुटुंबे येथे जियारतीला येतात. पांढऱ्या संगमरवराची दरगाह, मशीद, बाग आणि राहण्याची सोय असे हे एकसंध आवार आहे. जेवण बोहऱ्यांच्या रिवाजाप्रमाणे एका मोठ्या थाळाभोवती होते. सात-आठ जण गोल बसतात, मिठाच्या चिमटीने सुरुवात करतात आणि एकाच थाळातून जेवतात. वेगवेगळ्या गावांहून आलेली माणसे एका थाळावर बसली की वाढपाला हात कमी लागतात आणि अन्न वाया जात नाही. यात्रेकरूचा खर्च समाजाने आधीच वाटून घेतलेला असतो.

याचा हिशेबावर होणारा परिणाम साधा आहे. समजा, चौघांचे कुटुंब चार रात्रींसाठी निघाले. खोलीचे रोज १,८०० आणि जेवणखाणाचे रोज १,००० धरले तर ११,२०० रुपये तिथेच होतात. जवळच्या अंतरासाठी रेल्वेच्या शयनयान डब्याचे चौघांचे जाण्यायेण्याचे भाडे याच्यापुढे किरकोळ ठरते. तरीही घराघरांत चर्चा होते ती तिकिटाच्या दराची. मुक्काम आणि जेवण संस्थेच्या आवारात झाले तर अशा सहलीची रक्कम निम्म्याहून खाली येऊ शकते, आणि तेवढेच बचतीचे महिने कमी होतात.

ही सोय एका समाजापुरती नाही. शेगावचे श्री गजानन महाराज संस्थान भक्तनिवासात माफक दरात खोली देते. बुऱ्हाणपूरहून भुसावळमार्गे रेल्वेने शेगाव गाठता येते. याच संस्थानाची शाखा खंडवा जिल्ह्यात ओंकारेश्वरलाही आहे. वारीत तर ही व्यवस्था चालत्या पावलांबरोबर सरकते. मुक्ताईनगरहून निघणारी संत मुक्ताबाईंची पालखी महिनाभराहून अधिक चालून पंढरपूरला पोहोचते. दिंडीतला वारकरी निघण्यापूर्वी जेवणाची भिशी भरतो आणि बाकीचा भार दिंडीवर, वाटेवरच्या गावांवर असतो. महिनाभराचा एवढा लांब प्रवास शेतमजुरालाही झेपतो तो या भिशीमुळे.

सरकारी सवलतीही वाटेवरच्या खर्चातच येतात. मध्य प्रदेशाने २०१२ मध्ये मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना सुरू केली. आयकर न भरणाऱ्या साठीपुढच्या रहिवाशांना, आणि स्त्रियांना त्याआधी दोन वर्षे, या योजनेत खास गाडीने तीर्थयात्रा मोफत घडते. महाराष्ट्राने याच नावाची योजना २०२४ मध्ये आणली. तिच्यात वार्षिक अडीच लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या साठीपुढच्या माणसासाठी ३० हजार रुपयांपर्यंतचा खर्च शासन उचलते. महाराष्ट्राच्या एसटीत १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत आहे. मात्र या सवलती राज्याच्या हद्दीपर्यंतच चालतात. रावेरहून बुऱ्हाणपूरला येणाऱ्या बाईला सीमेपुढचे पूर्ण भाडे द्यावे लागते, हे अंदाजपत्रकात धरलेले बरे. रेल्वेने ज्येष्ठ नागरिकांची सवलत मार्च २०२० मध्ये थांबवली. घरातल्या म्हाताऱ्यांचे तिकीट सवलतीत मिळेल असे जुन्या सवयीने धरणाऱ्यांचा हिशेब तिथे चुकतो.

आता घरचे टोक. बचत किती करायची याआधी पैसा घरात कसा येतो हे पाहावे लागते, आणि बुऱ्हाणपूरच्या पट्ट्यात तो दोन अगदी निराळ्या रीतींनी येतो. शहरात पॉवरलूमचा धंदा आहे आणि लूमवरच्या कामगाराचा हिशेब आठवड्याला होतो. आसपासच्या शिवारात केळी आहे. लागवडीपासून घड कापणीला येईपर्यंत साधारण वर्ष जाते, म्हणजे बागायतदाराच्या हाती पैसा येतो तो एकदम आणि मोठा. दोघांना एकच सल्ला देणे चुकीचे आहे. कामगाराने महिनाअखेरीला उरेल ते टाकायचे ठरवले तर काहीच उरत नाही. पगाराच्याच दिवशी ३०० रुपये वेगळे काढले तर वर्षाचे १५,६०० होतात. बागायतदाराचा धोका याच्या उलट आहे. पैसा हातात असताना प्रवास स्वस्त वाटतो, आणि पुढच्या लागवडीचे बेणे, खत, ठिबक यांचा खर्च तेव्हा आठवत नाही. त्याने घड विकल्याबरोबर लागवडीचा पैसा आधी बाजूला काढावा आणि प्रवासाची रक्कम उरलेल्यातून मुदत ठेवीत टाकावी.

साठवायचे कुठे, याला मराठी घरांचे जुने उत्तर भिशी हेच आहे. वीस जणींनी दरमहा हजार टाकायचे, चिठ्ठी उचलायची, जिचे नाव निघेल तिने वीस हजार न्यायचे. वीस महिन्यांत प्रत्येकीची पाळी येते. व्याज नाही, पण दर महिन्याला शेजारीण दारात उभी राहते म्हणून हप्ता चुकत नाही. बचतीत शिस्त ही व्याजापेक्षा मोलाची असते, आणि भिशी ती फुकट देते. तिचे दोन दोष मात्र डोळ्याआड करता येत नाहीत. चिठ्ठी कधी निघेल ते हातात नसते, त्यामुळे डिसेंबरच्या सहलीचा पैसा मार्चमध्ये मिळतो किंवा पुढच्या ऑगस्टमध्ये. बोलीच्या भिशीत लवकर पैसा हवा असेल तर रक्कम सोडावी लागते. दुसरे म्हणजे आधी उचलणाऱ्याने पुढचे हप्ते बुडवले तर घरगुती भिशीत दाद मागणे अवघड जाते. १९८२ च्या चिट फंड कायद्याखाली नोंदलेल्या चिटला कायद्याचे बंधन आणि आधार आहे. गल्लीतल्या भिशीला केवळ ओळखीचा. म्हणून प्रवासाची भिशी थोड्या, रोज भेटणाऱ्या माणसांची असावी आणि सगळे मिळून एकाच वेळी निघणार असतील तर फारच उत्तम. मग चिठ्ठी काढायचीच गरज उरत नाही. वर्गणी एका खात्यात साठते आणि निघायच्या दिवशी सगळ्यांची होते.

पोस्टाची आवर्ती ठेव सुरक्षित आहे, पण तिची मुदत पाच वर्षांची. दरमहा किमान १०० रुपयांपासून खाते उघडते. ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेल्या ६.७ टक्के दराने दरमहा १,००० भरले तर साठ हप्त्यांनंतर सुमारे ७१,३६६ रुपये मिळतात. तीन वर्षांच्या आत ते बंद करता येत नाही आणि त्यानंतर मुदतीआधी मोडले तर बचत खात्याएवढेच व्याज पदरात पडते. दूरच्या मोठ्या यात्रेसाठी हे खाते चांगले. पुढच्या वर्षीच्या सहलीसाठी बँकेची बारा महिन्यांची आवर्ती ठेवच योग्य. रोजच्या व्यवहाराच्या खात्यात मात्र प्रवासाचा पैसा ठेवूच नये. दळण, दवाखाना, दिवाळी यांनी तो कधी खाल्ला हे कळतही नाही.

हल्ली सहलीसाठी कर्ज चटकन मिळते. ६०,००० रुपये १६ टक्क्यांनी वर्षभरासाठी घेतले तर महिन्याचा हप्ता सुमारे ५,४४४ येतो आणि एकूण ६५,३०० च्या वर फेडावे लागतात. प्रक्रिया शुल्क निराळे. याउलट दरमहा ५,००० साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकले तर वर्षाअखेर सुमारे ६२,१४० हाती येतात. दोन्ही वाटांत साडेसात हजारांच्या जवळपास फरक पडतो, आणि तेवढ्यात आणखी एक छोटी यात्रा होते. शिवाय फिरून आल्यावर वर्षभर हप्ते भरणे मनाला जड जाते. आजारपण किंवा शिक्षणासाठी कर्ज काढावे लागते ती गोष्ट वेगळी. मौजेसाठी ते टाळता येते, म्हणून टाळावे.

श्रद्धेमुळे व्याज नाकारणाऱ्यांची अडचण वेगळी आहे, आणि बुऱ्हाणपुरासारख्या गावात ती दुर्लक्षून चालत नाही. बोहरा समाजात कर्झन हसनाची म्हणजे बिनव्याजी कर्जाची परंपरा आहे. मोठ्या प्रमाणावर या प्रश्नाला उत्तर दिले ते मलेशियाने. तिथले खेडूत हजसाठी पैसा घरातच दडवून ठेवत आणि वेळ आली की जमीन, गुरे विकून मोकळे होत. परतल्यावर पोट भरायचे साधनच उरत नसे. अर्थतज्ज्ञ उंगकू अझीझ यांनी १९५९ मध्ये यावर उपाय सुचवला आणि १९६३ मध्ये पुढे ‘ताबुंग हाजी’ या नावाने ओळखली जाणारी संस्था सुरू झाली. लोकांनी थोडे थोडे भरायचे, संस्थेने ते बिनव्याजी मार्गांनी गुंतवून नफा वाटायचा आणि यात्रेची व्यवस्थाही करायची. भारतात हज समितीमार्फत जाणाऱ्याला रक्कम हप्त्यांनी भरावी लागते, पण हे हप्ते निवड झाल्यावर काही महिन्यांतच येतात. सरकारी अनुदान २०१८ पासून बंद आहे. म्हणजे लाखांतली ही रक्कम अर्ज करण्याआधीच जमलेली असायला हवी. निघण्याच्या विमानतळानुसारही ती बदलते, तेव्हा अर्ज भरताना विमानतळांचे दर शेजारी मांडून पाहावेत.

पैसा साठला तरी तो सुखरूप नेण्याची काळजी पूर्वी मोठी होती. वरसईचे विष्णुभट गोडसे कर्ज फेडण्यापुरती दक्षिणा मिळावी म्हणून १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाले आणि मिळवलेले झाशीच्या लुटीत गमावून बसले. त्याच्या दोन शतके आधी तापीच्या खोऱ्यातून बुऱ्हाणपूर-सुरत वाटेवर व्यापारी हुंडी वापरत. ताव्हर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेवरच्या हुंडीचा दर आग्र्याला शेकडा सव्वाचार ते साडेचार आणि बुऱ्हाणपूरला अडीच ते तीन असल्याचे नोंदवले आहे. अंतर आणि जोखीम त्या दरात धरलेली असे. आज ते काम मोबाइल करतो. तरी डोंगरातल्या तीर्थांवर रेंज जाते, म्हणून दोन दिवसांची रोकड दोघांच्या खिशांत वाटून ठेवायची पद्धत अजून सोडण्यासारखी नाही.

हे सगळे जमवून आणते ती निघायची तारीख. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण साठ दिवस आधी उघडते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. म्हणजे तिकिटाचा पैसा प्रवासाच्या दोन महिने आधीच तयार हवा. वर्षाचा बेत असेल तर पहिल्या दहा महिन्यांत तिकीट आणि मुक्काम यांचे पैसे जमले पाहिजेत, शेवटच्या दोन महिन्यांत वाटेवरच्या खर्चाचे. तारीख न ठरवता साठवलेला पैसा कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या आहेरात जातो, असा घराघरांतला अनुभव आहे. गर्दीचे दिवस टाळणे साधले तर खोलीचे दर उतरतात. लोधीपुऱ्यासारख्या ठिकाणीही उरुसाच्या काळात जागेची आधी विचारणा करणे शहाणपणाचे.

अंदाजपत्रकात शेवटी दोन रकमा जोडाव्यात. एकूण खर्चाचा दहावा हिस्सा अडीअडचणीसाठी, मग ती चुकलेली गाडी असो की मुलाचा ताप. आणि दुसरी, परतल्यानंतरच्या आठवड्याच्या किराणा, दूध, भाजीची. आठवड्याच्या पगारावर चालणाऱ्या घरात प्रवासाच्या दिवसांचा रोज बुडालेला असतो, त्यामुळे ही दुसरी रक्कम तिकिटाइतकीच आधी बाजूला काढावी लागते.