शौक मामांचा, जागरण आत्याचं

“आत्या, तुला आतषबाजी आवडत नाही का गं?” लहानपणी मी दर दसऱ्याला विचारायचे. सगळं गाव रस्त्यावर असायचं आणि आत्या मात्र उंबऱ्यात बसून. शेजारी पाण्याने भरलेली बादली. “आवडते की! पण घरातलं माणूस परत आलं, की मग आवडते,” ती म्हणायची.

आत्याचं सासर कवठेएकंद. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातलं हे गाव दसऱ्याच्या आतषबाजीसाठी प्रसिद्ध. ग्रामदैवत श्री सिद्धराजाची पालखी निघते आणि तिच्यापुढे रात्रभर शोभेची दारू उडते. औट आभाळात फुटतात, लाकडी शिंगटांतून ठिणग्यांचे फवारे उसळतात. आमचे मामा यातलेच एक हौशी. वर्षभर द्राक्षबागेत राबणारा हा माणूस गणपती उठले की मंडळाच्या दारूकामात बुडून जायचा. जेवतानाही विषय तोच. यंदा लाल रंग किती खुलेल, धूर किती होईल!

एका वर्षी मामांचा उजवा हात भाजला. दीड महिना आत्याने त्यांना घास भरवला. पट्टी सुटल्यावर मामांचा पहिला प्रश्न काय असावा? “दसऱ्याला किती दिवस राहिले गं?” आत्याने कपाळावर हात मारला, पण अडवलं नाही.

२०१५ मध्ये मात्र गावातल्या एका फटाका कारखान्यात स्फोट झाला. कामाला गेलेली माणसं घरी परतलीच नाहीत. त्या दिवशी आत्या एवढंच म्हणाली, “नातवाला हे शिकवायचं नाही.” नातू तेव्हा दहा वर्षांचा. मामा गप्प बसले. त्यांनी शब्द पाळला.

पण वेड रक्तातच ना! नातवाने पुढे रसायनशास्त्र घेतलं. आता तोच आजोबांना शिकवतो. स्ट्रॉन्शियमने लाल, बेरियमने हिरवा, सोडियमने पिवळा. सगळ्यात अवघड निळा. तो तांब्याच्या संयुगांपासून मिळतो, पण ज्योत जास्त तापली की ती संयुगं तुटतात आणि रंग फिका पडतो. “आणि आजोबा, फटाक्यांत बेरियम वापरायला सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्येच बंदी घातलीय. परवान्याशिवाय फटाके बनवणं तर १८८४ च्या कायद्यापासून गुन्हा!” मामा शाळकरी पोरासारखे ऐकतात. ज्या गोष्टी त्यांना नुसत्या हाताने कळत होत्या, त्यांची कारणं आज सत्तरीत कळताहेत.

गेल्या दसऱ्याला मी गेले होते. मामा पहिल्यांदाच ओट्यावर, आत्याजवळ बसले होते. नातूही शेजारी. एक औट उंच जाऊन फुटला.

“हा निळा का रे?” आत्याने मान वर करून विचारलं.

“जरा फिकाच आहे, आजी.”

“असू दे. छान आहे,” आत्या म्हणाली. बादली तेवढी अजून जवळच होती.