दहापैकी दहा, आणि त्यानंतर

कुस्तीच्या हौद्यात कोण चीत झाला हे मागच्या रांगेतल्या पोरालाही कळते. त्यासाठी पंचाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. जिम्नॅस्टिक्सची गोष्ट निराळी. तिथे घोड्यावरची उडी काही सेकंदांत आटोपते, आणि ती चांगली की अधिक चांगली, हे खुर्चीवर बसलेल्या माणसांनी सांगावे लागते. या खेळाकडे खेळाडू, शिक्षक आणि पंच अशा तिन्ही जागांवरून पाहिलेल्या नेली किम यांच्याविषयी आम्ही येथे थोडे सांगणार आहो.

किम यांचा जन्म १९५७ सालचा, ताजिकिस्तानातला. वडील कोरियन वंशाचे, आई तातार. बालपण कझाकस्तानातील चिमकेंत शहरी. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये रुमानियाच्या नादिया कोमानेचीला दहापैकी दहा गुण मिळाले आणि गुणफलकावर दहाला जागाच नसल्यामुळे १.०० असा आकडा उमटला, ही हकीकत पुष्कळांना ठाऊक असते. त्याच स्पर्धेत सोव्हिएत संघाच्या किम यांनाही घोड्यावरील उडीत आणि जमिनीवरील कसरतीत पूर्ण दहा मिळाले, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. त्यांनी तीन सुवर्णपदके घेतली. सर्वांगीण स्पर्धेत नादियाचे गुण ७९.२७५, किम यांचे ७८.६७५. सहा दशांशांचे अंतर, पण लोकांच्या स्मरणात ते केवढे वाढले! पुढे १९७९ साली किम सर्वांगीण जगज्जेत्या झाल्या, आणि १९८० साली मॉस्कोत जमिनीवरील कसरतीचे सुवर्णपदक त्यांना नादियाबरोबर समसमान मिळाले.

खेळ सोडल्यावर त्यांनी दक्षिण कोरिया, इटली व बेलारूस येथील खेळाडूंना शिकवले आणि आंतरराष्ट्रीय पंच म्हणूनही काम केले. ही दोन कामे जवळची वाटतात, पण आमच्या मते त्यांची तोंडे विरुद्ध दिशांना आहेत. शिक्षकाला आजच्या डळमळीत उडीत पुढच्या वर्षाची उडी दिसते आणि तो पाठ थोपटतो. पंचाला पुढचे वर्ष पाहण्याची मुभा नाही. गुडघा वाकला असेल तर तो वाकला, एवढेच त्याने लिहायचे. मुलगी किती राबली हे ठाऊक असूनही.

२००४ साली अथेन्सला पुरुषांच्या स्पर्धेत कोरियाच्या यांग ते-यंगच्या कसरतीची मूळ किंमतच पंचांनी एक दशांशाने कमी धरली. त्याचे सुवर्ण ०.०४९ गुणांनी हुकले आणि तीन पंच निलंबित झाले. त्याच साली किम महिला जिम्नॅस्टिक्सच्या आंतरराष्ट्रीय तांत्रिक समितीच्या अध्यक्षा झाल्या. २००६ पासून नवी गुणपद्धती आली आणि महिलांच्या स्पर्धांत ती रुजविण्याचे काम त्यांच्याकडे आले. आता कसरतीचे दोन हिशेब होतात. अवघडपणाचे गुण शून्यापासून वर चढतात, त्यांना वरची मर्यादा नाही. सफाईचे गुण दहापासून खाली उतरतात. पाय किंचित सरकला तरी एक दशांश जातो. दोहोंची बेरीज म्हणजे निकाल. म्हणजे ज्या 'पूर्ण दहा'मुळे किम यांचे नाव झाले, तो निकालाच्या फलकावरून उठवणाऱ्या नियमांची अंमलबजावणी त्यांच्याच हातून झाली. त्या दहाची आठवण आम्हांलाही गोड वाटते. पण अवघड आणि सोपी अशा दोन्ही कसरतींना जर दहाच मिळू शकत असतील, तर अवघड करणाऱ्याने काय मिळवले?

त्याचे उत्तर आपल्या देशाने २०१६ साली रिओत पाहिले. त्रिपुरेच्या दीपा कर्माकरने 'प्रोदुनोवा' नावाची उडी घेतली: हात टेकून पुढे झेप, हवेत दोन कोलांट्या, मग उतरणे. या उडीची अवघडपणाची किंमत तेव्हा ७.० होती. उतरताना दीपा फार खाली बसली, सफाईला ८.२६६ मिळाले. दोन उड्यांची सरासरी १५.०६६ झाली, आणि कांस्यपदक १५.२१६ ला गेले. आपल्याकडे त्या रात्री पुष्कळांनी पंचांना बोल लावला. आम्हीही लावला. दुसऱ्या दिवशी कागद घेऊन बेरीज केली, ती बरोबर निघाली.