कोपऱ्यातला एक्सपी आणि तुटणारे लॉगिन

खोपोलीतल्या कारखान्याचे ऑफिस असो वा कर्जतच्या बाजारपेठेतली करसल्लागाराची कचेरी, कोपऱ्यात विंडोज एक्सपीवर चालणारा एखादा जुना डबा अजूनही सापडतो. टॅलीचा वर्षानुवर्षांचा डेटा त्याच्यावर, म्हणून त्याला मान सर्व्हरचा. बाकीच्या टेबलांवर नवे संगणक आले की कटकट सुरू होते. सकाळी उघडलेला फोल्डर जेवणानंतर पुन्हा पासवर्ड मागतो, बरोबर पासवर्ड टाकला तरी नाकारतो. आधी केबल बदलली जाते, मग स्विच. बहुतेकदा दोन्ही निर्दोष असतात.

जेवणानंतरच्या तक्रारीचे कारण साधे आहे. कोणी १५ मिनिटे फाइलला हात लावला नाही, तर फोल्डर पुरवणारा विंडोज संगणक ती जोडणी आपणहून सोडतो. एरवी ती गुपचूप पुन्हा जुळते. पण पासवर्ड जपून ठेवलेला नसेल किंवा दोन संगणकांवर एकाच नावाचे पासवर्ड वेगवेगळे असतील, तर अडते. शिवाय एक्सपी प्रोफेशनल एका वेळी १० जोडण्याच घेतो. अकरावा माणूस आला की दाराबाहेर.

बरोबर पासवर्ड नाकारला जातो, त्याची गोष्ट मात्र अधिक रंजक आहे. विंडोजमध्ये पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा जात नाही. समोरचा संगणक एक यादृच्छिक आकडा पाठवतो, आपला संगणक पासवर्डाच्या आधारे गणित करून त्याचे उत्तर धाडतो. हे गणित कोणत्या पद्धतीने करायचे, यावर जुन्या-नव्यांचे जमत नाही. सर्वांत जुनी ‘एलएम’ पद्धत पासवर्डातली सगळी अक्षरे कॅपिटल करते आणि १४ अक्षरांचे सात-सात असे दोन तुकडे पाडते. नुसती इंग्रजी अक्षरे असतील तर एका तुकड्याच्या शक्यता सुमारे ८०३ कोटी. ऐकायला प्रचंड, आजचे ग्राफिक्स कार्ड त्या काही सेकंदांत चाळते. चौदा अक्षरे सलग फोडायची असती, तर शक्यतांचा आकडा वीस अंकी झाला असता. तुकडे पाडल्यामुळे सगळे बळ गेले. म्हणून २००७ साली बाजारात आलेल्या व्हिस्टापासून विंडोज आपल्या बाजूने फक्त ‘एनटीएलएम’ या नंतरच्या पद्धतीची दुसरी आवृत्ती वापरते.

फायली वाटून घेण्याच्या भाषेचेही तेच. ‘एसएमबी’ ही भाषा १९८०च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचली. एक्सपीला तिची पहिलीच आवृत्ती कळते. २०१७च्या उत्तरार्धातल्या विंडोज १०ने ती आवृत्ती निवृत्तीला लावली. होम आणि प्रोमध्ये १५ दिवस वापर झाला नाही तर तिचा फोल्डर उघडणारा भाग आपोआप निघून जाई. म्हणजे काल चालणारे आज बंद, आणि कोणी कशाला हातही लावलेला नाही!

हा हट्ट उगाच नव्हता. त्याच वर्षी मे महिन्यात ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर व्हायरसने याच जुन्या आवृत्तीतल्या भगदाडातून जगभर धुमाकूळ घातला. २७ जूनला ‘नॉटपेट्या’ आला, युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. त्याची झळ थेट रायगडात पोचली: न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या, मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या टर्मिनलचे काम विस्कळीत झाले. मर्स्कला पुढे ४५ हजार संगणक नव्याने उभारावे लागले. तेव्हा ‘एसएमबी १ चालू करा, झालं काम’ हा सल्ला स्वस्त असला तरी महागात पडणारा आहे.

तक्रार पावसाळ्यात वाढत असेल, तर घड्याळ बघावे. घाटाच्या पायथ्याला वीज वारंवार जाते. मदरबोर्डावरची तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असेल, तर वीज आल्यावर जुना संगणक भलत्याच वर्षात जागा होतो, आणि दोन संगणकांची घड्याळे जुळली नाहीत तर लॉगिन नाकारले जाऊ शकते. डोमेनवर चालणाऱ्या कार्यालयात ओळख पटवायला वापरला जाणारा ‘केर्बेरॉस’ तर पाच मिनिटांपलीकडचा फरक सहसा चालवून घेत नाही. बॅटरी काही रुपयांची असते. आधी तीच बदलावी.

त्यानंतरही अडले, तर नव्यांना मागे ओढण्याऐवजी डेटा नव्या संगणकावर हलवणे बरे. उरतो जुना झेरॉक्स-स्कॅनर. तोही अनेकदा एसएमबी १च बोलतो. त्याच्या सेटिंगमध्ये एफटीपी किंवा ईमेलचा पर्याय असेल, तर स्कॅन तिकडून घ्यावे.