अतिस्तनवृद्धी : एक अबोल दुखणे

आपल्या वार्षिक अंकात कविता येतात, सहलीची वर्णने येतात, एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र येते. माझा विषय त्या पठडीतला नाही. संपादक मंडळातील सरांना तो सांगताना मी चांगलीच अवघडले होते. सर क्षणभर थांबले आणि म्हणाले, "लिहा. पण नीट माहिती घेऊन लिहा." त्या एका वाक्याच्या आधारावर हा लेख लिहीत आहे.

एफ. वाय. ला असताना मी खो-खोच्या संघातून नाव काढून घेतले. मैत्रिणींना सांगितले की अभ्यास होत नाही. खरे कारण असे की, धावताना छातीत आणि पाठीत कळा येत आणि मैदानाच्या कडेला उभी असलेली मुले हसत. पुढे मान दुखू लागली. लिहिताना करंगळीला मुंग्या येऊ लागल्या. ब्रेसियरच्या पट्ट्यांनी खांद्यांवर खोल वळ पडले, आणि उन्हाळ्यात घामाने स्तनांखालची कातडी लाल होऊन चिघळे. आईला वाटे, मी पोक काढून बसते म्हणून पाठ दुखते. आत्या म्हणे, "वजन कमी कर गं, सगळं आपोआप ठीक होईल." मी दोन महिने रात्रीचे जेवण सोडले. गाल बसले, पण दुखणे होते तेथेच राहिले.

अखेर आई मला एका डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्यांनी तपासले, सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि आईला म्हणाल्या, "अहो, ही मुलगी पोक काढते म्हणून पाठ दुखत नाही. पाठीवर भार आहे म्हणून ती पोक काढते." तोवर मला हा माझ्या शरीराचा काहीतरी दोष वाटत होता. त्या दिवशी कळले की हा एक आजार आहे आणि त्याला वैद्यकशास्त्रात नावही आहे.

ते नाव 'मॅक्रोमॅस्टिया'. ग्रीक भाषेत 'माक्रोस' म्हणजे मोठा आणि 'मास्टोस' म्हणजे स्तन. वाढ फारच झाली, तर तिला 'जायगँटोमॅस्टिया' म्हणतात. नेमकी सीमारेषा कोठे आखावी याविषयी डॉक्टरांत एकमत नाही. काही जण एका बाजूला दीड किलोहून अधिक जादा वाढ ही मर्यादा धरतात, तर काही जण शरीराच्या एकूण वजनाच्या ३ टक्के जादा भार ही मर्यादा मानतात. म्हणजे ५० किलो वजनाच्या मुलीला दीड किलो. वाण्याकडून आणलेली दीड किलो साखर गळ्यात अडकवून दिवसभर तासांना बसावे, जिने चढावेत, बसमध्ये उभे राहावे, आणि हे रोज करावे. म्हणजे मान आणि खांदे का दुखतात, हे सांगावे लागणार नाही.

ही वाढ होते कशामुळे? स्तनात दुधाच्या ग्रंथी, त्यांना धरून ठेवणारे तंतू आणि चरबी असते. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, प्रोलॅक्टिन या संप्रेरकांच्या प्रभावाने ग्रंथींची वाढ होते. पुष्कळांना वाटते की रुग्णाच्या रक्तात संप्रेरके फार असणार; परंतु तपासणीत त्यांचे प्रमाण बहुधा सामान्यच आढळते. स्तनातील पेशीच या संप्रेरकांना प्रमाणाबाहेर प्रतिसाद देत असाव्यात, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. काही मुलींमध्ये वयात येताना ही वाढ झपाट्याने होते. क्वचित गरोदरपणात होते. पेनिसिलामीनसारख्या काही औषधांमुळेही ती झाल्याची नोंद आहे. लठ्ठपणामुळे स्तनातील चरबी वाढते हे खरे, परंतु सडपातळ मुलींनाही हा आजार होतो. आत्याचा सल्ला म्हणूनच अर्धाच बरोबर होता.

हा आजार आजकालच्या खाण्यापिण्यामुळे आला, असेही कोणी म्हणतात. ते खरे नाही. इंग्लंडमधील प्लिमथ येथील विल्यम डर्स्टन या डॉक्टरने एका तरुण स्त्रीच्या अचानक झालेल्या स्तनवृद्धीची हकिकत १६६९ साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या पत्रिकेत छापली होती. त्याला आता साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा आजार म्हणजे कर्करोग नव्हे. मात्र एकाच बाजूची वाढ झपाट्याने होत असेल, गाठ हाताला लागत असेल किंवा स्तनाग्रातून रक्त येत असेल, तर वेळ न दवडता डॉक्टरांना दाखवावे. तरुण मुलींतील अशा गाठी बहुतेक वेळा साध्याच असतात, पण ते आपण नव्हे, डॉक्टरांनी ठरवावयाचे असते.

मुलांनीही हसण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे, की वयात येताना पुष्कळ मुलग्यांचे स्तनही काही काळ वाढतात. त्याला 'गायनेकोमॅस्टिया' म्हणतात. बहुतेकांच्या बाबतीत वर्ष-दोन वर्षांत ते आपोआप ओसरते. सातव्या शतकातील पॉल ऑफ एजिना या वैद्याने पुरुषांमधील अशा वाढीवरील शस्त्रक्रियेचे वर्णन करून ठेवले आहे.

आता उपचारांविषयी. नीट मापाची, रुंद पट्ट्यांची, आधार देणारी ब्रेसियर हा पहिला उपाय. मी कित्येक वर्षे लाजेपायी दुकानात माप न देता चुकीचीच घेत होते. पाठीचे व मानेचे व्यायाम, कातडी कोरडी ठेवणे, चिघळल्यास डॉक्टरांनी दिलेले मलम, आणि वजन खरोखरच जास्त असेल तर ते उतरवणे, यांनी त्रास हलका होतो. जाहिरातीतील मलमे आणि तेले यांनी स्तन लहान होत नाहीत. त्यांत पैसे घालवू नयेत.

याने भागले नाही, तर शस्त्रक्रिया असते. तीत जादा भाग काढून स्तनाला पुन्हा आकार देतात. हे काम प्लॅस्टिक सर्जन करतात. या 'प्लॅस्टिक'चा बादल्या-डब्यांशी संबंध नाही. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'घडवणे' असा आहे. पुण्यात झालेल्या नाकाच्या शस्त्रक्रियेची हकिकत १७९४ साली लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये छापून आली आणि तेथील शल्यवैद्यांनी तिच्यापासून धडा घेतला. ज्या विद्येच्या इतिहासात आपल्या पुण्याचे नाव आहे, तिला केवळ नटनट्यांची चैन समजणे बरोबर नाही.

अर्थात शस्त्रक्रियेचे तोटेही आहेत. वण कायमचे राहतात. संवेदना कमी होऊ शकते. पुढे बाळाला अंगावर पाजण्यास अडचण येऊ शकते. लहान वयात केल्यास वाढ पुन्हा होण्याचा संभव असतो; म्हणून शक्यतो वाढ थांबेपर्यंत थांबतात.

आमच्या घरी यावर बरेच दिवस चर्चा झाली. आजीचे म्हणणे, "लग्नाच्या मुलीच्या अंगावर वण कशाला?" आई पाजण्याच्या गोष्टीने काळजीत पडली. मलाही ते दोन्ही प्रश्न क्षुल्लक वाटले नाहीत, अजूनही वाटत नाहीत. बाबांना सांगणे सर्वांत अवघड होते. आईने सांगितले तेव्हा ते वर्तमानपत्र घडी करीत राहिले आणि मग मला एवढेच विचारले, "फार दुखतं का गं?" इतक्या वर्षांत हा प्रश्न मला प्रथमच कोणी विचारला होता. टी. वाय. च्या परीक्षेनंतर शस्त्रक्रिया करण्याचे ठरले आहे. संमतिपत्रावर सही माझी मीच करणार आहे.

प्रत्येकीने शस्त्रक्रिया करावी, असे मला सुचवायचे नाही. कित्येकींना तिची गरजही पडत नाही. माझे मागणे साधे आहे. एखादी मैत्रीण वही छातीशी धरून मागच्या बाकावर बसत असेल, मैदानावर येण्याचे टाळत असेल, तर तिला आळशी म्हणू नका. प्राध्यापकांनी 'ताठ बसा' म्हणण्याआधी क्षणभर विचार करावा. आणि जिला हे दुखणे असेल तिने ते आईला, ताईला, निदान डॉक्टरांना सांगावे. मी सांगायला तीन वर्षे लावली. तेवढी तुम्ही लावू नका.