कामाची जागा – भाग ७ : हमालाचा मालक कोण?

गेल्या आठवड्यात आपण कारखान्यातल्या पाळ्या आणि विश्रांतीची खोली पाहिली. तिथे कामगार कोणाचा, हे ठरलेले असते. हजेरीपत्रक असते, पगाराची तारीख असते आणि गाऱ्हाणे घेऊन जायला एक दार असते. आज नांदेड–हिंगोली रस्त्यावरच्या आखाडा बाळापूरसारख्या बाजारगावात जाऊ. इथे दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन येते, मग तूर-हरभरा आणि उन्हाळ्यात हळद. हा सगळा माल ज्यांच्या खांद्यावरून पुढे सरकतो, त्या हमालांना असे दार नसते.

हमालाचा दिवस नीट पाहिला तर अडचण कळते. शेतकऱ्याच्या गाडीतून पोती उतरवायची, अडत्याच्या दुकानापुढे माल ओतायचा, लिलाव झाला की पुन्हा भरायचा, मापाड्याच्या काट्यावर चढवायचा, पोती शिवायची आणि खरेदीदाराच्या ट्रकमध्ये थप्पी मारायची. एका दिवसात त्याने दहा जणांचे काम केलेले असते आणि त्यातला एकही त्याचा मालक नसतो. म्हणून कंबर धरली तर भरपगारी सुट्टी मागायची कोणाकडे, दिवाळीला बोनस कोण देणार, पाठ कायमची गेल्यावर म्हातारपणाची सोय कोण करणार, या प्रश्नांना उत्तरच उरत नाही. आपल्याकडे कर्मचाऱ्यांच्या सोयी-सुविधांची चर्चा बहुतेक पगारपत्रक असलेल्यांचीच होते. मला हमालाची गोष्ट त्याआधीची वाटते. आधी त्याला कोणाचा तरी कर्मचारी करावे लागते.

महाराष्ट्राने हे कोडे १९६९ साली सोडवले आहे. मुंबईच्या दाणाबंदरात आणि मशीद बंदर भागात अण्णासाहेब पाटील यांनी हमालांची संघटना बांधली. ते सातारा जिल्ह्यातल्या पाटण तालुक्याचे. डोक्या-पाठीवर ओझी वाहणारे घाटावरचे हजारो लोक त्यांनी एकत्र आणले. त्या रेट्यातून ‘महाराष्ट्र माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगार (नोकरीचे नियमन व कल्याण) अधिनियम’ आला. त्याची कल्पना अगदी सोपी आहे. मालक अनेक आणि बदलते असतील, तर मधे एक मंडळ उभे करायचे. त्यात सरकार, व्यापारी आणि कामगार या तिघांचेही प्रतिनिधी घ्यायचे. व्यापाऱ्याने मंडळाकडे नोंदणी करायची, हमालानेही करायची.

पैसा कसा फिरतो ते पाहा. समजा, एका टोळीची महिन्याची हमाली एका दुकानाकडे दहा हजार रुपये झाली. ती रक्कम व्यापारी टोळीच्या हातात देत नाही, मंडळात भरतो. शिवाय तिच्यावर ठरलेल्या टक्केवारीने लेव्ही भरतो. ती समजा तीस टक्के असेल, तर आणखी तीन हजार. मजुरी मंडळामार्फत हमालाला मिळते आणि लेव्हीतून त्याचा भविष्यनिर्वाह निधी, उपदान, बोनस, भरपगारी सुट्टी आणि औषधपाणी यांची तजवीज होते. पोती कोणाचीही असोत, हिशेब एका ठिकाणी साचतो. वीस दुकानांत विखुरलेले कष्ट एका वहीत आले की त्यांची नोकरी होते.

ही कल्पना आकाशातून पडली नव्हती. बंदरात जहाज लागेल तेव्हाच काम, अशी गत जगभरच्या गोदी कामगारांची होती. ब्रिटनने १९४७ मध्ये आणि आपण १९४८ मध्ये त्यांच्यासाठी नोंदणीची पद्धत आणली. केरळनेही १९७८ मध्ये ओझी वाहणाऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा केला. महाराष्ट्राचे मोठेपण हे की गोदीतली ही युक्ती त्याने बाजारपेठेत आणली.

पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी हमाल पंचायतीतून याच्या जोडीला आणखी एक गोष्ट केली. काम करणाऱ्याला बाजारातच परवडणारे, ताजे, पोटभर जेवण मिळावे म्हणून १९७४ मध्ये ‘कष्टाची भाकर’ केंद्र सुरू झाले. मंडळाची वही आणि दुपारची भाकरी या दोन्हींना मी सारखेच महत्त्व देतो. एक म्हातारपण सांभाळते, दुसरी आजची दुपार.

आता वजनाकडे येऊ. क्विंटलचे पोते पाठीवर घेतलेली माणसे आजही आपल्या बाजारात बसलेली दिसतील. त्यांचे गुडघे पाहावेत. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्ये ओझ्याच्या कमाल मर्यादेचा करार केला आणि सोबतच्या शिफारशीत प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोचा आकडा दिला. भारताने तो करार २०१० मध्ये स्वीकारला. आता बहुतेक कट्टे ५० किलोचे झाले आहेत, युरियाची गोणी तर २०१८ पासून ४५ किलोची. पण लहान पोत्याने खेपा वाढतात. दर पोत्यावर असेल तर तो नव्याने ठरवावा लागतो, नाहीतर ओझे हलके करता करता मजुरीही हलकी होते. थप्पीच्या उंचीचा तर कोणी विचारच करत नाही. तेच ५० किलो कमरेच्या उंचीवर ठेवणे वेगळे आणि डोक्यावरच्या थरात ढकलणे वेगळे. ट्रकच्या फाळक्याएवढ्या उंचीचा ओटा बाजाराच्या आवारात बांधला, तर कितीतरी मणके वाचतील.

दुसरी गोष्ट ताटकळण्याची. हमाल सकाळीच येतो, आवक कधी कमी, लिलाव कधी उशिरा. पैसे मात्र उचललेल्या पोत्याचेच. मधले तास बिनपगारी जातात आणि त्याच तासांत माणसाला सावली, प्यायचे पाणी आणि संडास लागतो. धान्य झाडणाऱ्या, चाळणाऱ्या बायांना तर संडास नसेल तर दिवसभर पाणी न पिता राहावे लागते. एप्रिल-मेच्या उन्हात हे अंगावर येते. हळदीच्या हंगामात धूळ वेगळी. नाका-तोंडाला रुमाल बांधून ती पुरती थांबत नाही.

व्यापाऱ्यांची बाजूही खरी आहे. माथाडीच्या नावाने बोगस संघटना काढून काम न करताच वसुली करणारे राज्यात अनेक ठिकाणी निघाले आणि त्यांनी या कायद्याची बदनामी केली. लहान अडत्याला लेव्हीचा बोजाही वाटतो. पण त्यावर उपाय नोंदणी काटेकोर करण्याचा आहे. नोंदलेल्या हमालाकडे ओळखपत्र आणि मंडळातला हिशेब असतो, खंडणी मागणाऱ्याकडे यातले काही नसते. त्यामुळे चोख नोंदणीचा फायदा व्यापाऱ्यालाच आधी होतो.

बाळापूरच्या तरुण हमालाने आणि अडत्याने मिळून काय करावे? जिल्ह्याच्या माथाडी मंडळाकडे टोळीची नोंद करावी. हमालीचा दर आणि पोत्याचे वजन काट्याजवळच्या फलकावर लिहून ठेवावे. आणि पुढचा हंगाम लागण्याआधी बाजार समितीकडे ओटा, सावली आणि बायांचा संडास यांची लेखी मागणी द्यावी. तिची पोच घ्यायला मात्र विसरू नये.

पुढच्या आठवड्यात एसटीच्या वस्तीच्या गाडीचे चालक-वाहक : गाडी गावात मुक्कामाला लागल्यावर ते झोपतात कुठे?