मोडलेले हाड आणि डॉक्टरची चिठ्ठी

या सदरात आपण एरवी मधुमेह, दमा, लहान मुलांचे जुलाब अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय ऐकून वाचक म्हणतील, अपघाताची नुकसानभरपाई हा वकिलांचा प्रांत, त्यात डॉक्टरांनी कशाला पडावे? मलाही पूर्वी तसेच वाटत असे. ते वाटणे किती महागात पडते हे मला एका रुग्णाच्या पायाने शिकवले, म्हणून आधी ती हकिकत सांगतो.

जेऊरला दवाखाना सुरू करून मला तीस वर्षे होऊन गेली. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. रात्री दहाच्या सुमारास चार-पाच माणसांनी एका तरुणाला जीपमधून आणले. करमाळा–टेंभुर्णी रस्त्यावर ट्रकने त्याच्या मोटारसायकलला मागून ठोकरले होते. डाव्या पायाची नडगी मोडून हाड कातडीबाहेर आले होते. मी जखम धुतली, पट्टी बांधली, फळीचा आधार दिला, सलाईन लावले आणि सोलापूरला पाठवण्यासाठी चिठ्ठी लिहायला बसलो. तेव्हा त्याचा चुलता म्हणाला, "डॉक्टर, गाडीवरनं पडला एवढंच लिवा. पोलिसांचं लचांड नको मागं." रात्रीची वेळ, मंडळी घाबरलेली, मलाही पुढच्या कटकटी नको होत्या. मी लिहिले, 'मोटारसायकलवरून पडून इजा.'

पुढे त्या हाडात पू झाला. तीन शस्त्रक्रिया झाल्या, पाय दीड इंच आखूड झाला, एक एकर रान विकावे लागले. मग कोणी तरी सुचवले म्हणून त्यांनी दावा केला. विमा कंपनीच्या वकिलांनी न्यायालयात काय दाखवावे? माझीच चिठ्ठी! मला साक्षीला बोलावणे आले. "डॉक्टर, हे अक्षर तुमचेच ना? यात ट्रक कोठे आहे?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. पोलिसांत नोंद नाही, पंचनामा नाही आणि पहिल्या डॉक्टरच्या कागदावर ट्रक नाही. दावा फेटाळला गेला. तो गृहस्थ आजही बाजारच्या दिवशी भेटतो आणि नमस्कार करतो. त्या नमस्काराने मला फार ओशाळल्यासारखे होते.

तेव्हापासून अपघाताचा रुग्ण आला की एक हात नाडीवर आणि दुसरा हात कागदावर, अशी मी सवय लावून घेतली आहे. उपचार अर्थातच आधी. परमानंद कटारा यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले आहे की, पोलीस येण्याची किंवा कागद पुरे होण्याची वाट न पाहता जखमीवर उपचार करणे हे सरकारी व खाजगी दोन्ही डॉक्टरांचे कर्तव्य आहे. तेव्हा "आधी पोलिसांकडे जाऊन या" असे कोणी म्हणाले तर ते बरोबर नाही. जखमीला उचलून आणणाऱ्यालाही भिण्याचे कारण नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४अ आले आहे. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर खटल्याची आफत येत नाही, आणि नाव सांगण्याची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही.

आता गेल्या उसाच्या हंगामातला प्रसंग सांगतो. चौतीस वर्षांचा शेतकरी, मागे बायको बसलेली, समोरून येणाऱ्या ट्रकची धडक. बाईंना खरचटण्यावर निभावले. त्याची उजवी नडगी मोडली, डोक्याला मुका मार. मी अजून पाय बांधतच होतो तोवर ट्रकमालकाचा माणूस ओसरीवर हजर झाला. खिशात वीस हजार रुपये आणि हातात स्टॅम्पपेपर. "आपसात मिटवून टाकू. गरिबाचं बी भागंल अन् ड्रायव्हरची पोरंबाळं बी उघड्यावर येणार न्हाईत." थोरला भाऊ विचारात पडला. मला म्हणाला, "डॉक्टरसाहेब, घ्यावं का? कोर्टात चपला झिजतात." मी काही बोलण्याआधी जखमीची बायको आतून म्हणाली, "भाऊजी, पायाचं पुढं काय होणार ते आज कुणाला ठावं हाय का?"

वाचकहो, माझ्या तीस वर्षांच्या डॉक्टरकीत रस्त्यावरच्या तोडपाण्याविरुद्ध इतके शास्त्रशुद्ध वाक्य मी ऐकलेले नाही. शरीर आपला हिशेब उशिराने देते. नडगीच्या पुढच्या बाजूला हाडावर नुसती कातडी असते, मांस नसते. त्यामुळे तेथे रक्तपुरवठा बेताचा आणि हाड जुळण्याची गती मंद. साधे मोडले तरी चार-सहा महिने जातात, उघडी जखम असली तर पू होण्याचे भय. कधी हाड जुळतच नाही आणि कमरेचे हाड काढून तेथे बसवावे लागते. गुडघा किंवा घोटा आखडला तर उकिडवे बसता येत नाही. शेतकऱ्याला उकिडवे बसता आले नाही तर खुरपणी, दारे धरणे, धार काढणे सगळेच अडते. डोक्याच्या माराचेही तसेच. विशेषतः वयस्कर माणसांत कवटीच्या आत रक्त सावकाश झिरपते आणि दोन-तीन आठवड्यांनी डोके दुखणे, सुस्ती, बोलण्यात घोटाळा अशी लक्षणे दिसू लागतात. पोटावर मार बसला तर प्लीहा काही दिवसांनीही फुटू शकते. मग पहिल्या तासात ओसरीवर बसून शरीराची किंमत कोण कशी ठरवणार?

कायदा ही किंमत कशी काढतो ते पाहू. आकडे समजावण्यापुरते घेतो. वय चौतीस, कमाई महिना १२ हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ४४ हजार. इजेमुळे कमाईची ताकद ३० टक्के घटली असे धरा. वार्षिक तोटा ४३,२०० रुपये. सर्वोच्च न्यायालयाने सरला वर्मा खटल्यात २००९ साली वयानुसार जो गुणक ठरवून दिला, तो ३१ ते ३५ वयाला १६ आहे. गुणाकार ६ लाख ९१ हजार २०० रुपये. २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने चाळिशीच्या आतील स्वतंत्र कमाई करणाऱ्याच्या उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के धरायचे ठरले. कायमच्या अपंगत्वालाही ते लागू केले तर आकडा साडेनऊ लाखांच्या पुढे जातो. दवाखान्याचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना हे त्याशिवाय. आणि ओसरीवर आले होते वीस हजार!

यातला '३० टक्के' हा आकडा फार नाजूक असतो. अपंगत्वाच्या दाखल्यावर 'उजव्या पायाचे ३० टक्के' असे असते, ते पुष्कळदा फक्त त्या अवयवाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालात स्पष्ट केले आहे की, शरीराचे अपंगत्व आणि कमाईतील घट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात तुटलेला सुतार आणि डावा हात तुटलेला कारकून यांचे नुकसान सारखे नसते. म्हणून डॉक्टरांकडे दाखला घेताना आपण काय काम करतो, त्यातले काय आता होत नाही, हे सविस्तर सांगावे. नुसते 'पाय दुखतो' म्हणून भागत नाही. शेतकऱ्यांनी कारखान्याची ऊसबिले, डेअरीच्या पावत्या, सातबारा, बँकेचे पासबुक जपून ठेवावे. घरात राबणाऱ्या बाईचे काय, असे विचाराल, तर तिच्या श्रमालाही किंमत आहे आणि ती धरली पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली कीर्ती खटल्यात पुन्हा बजावले आहे.

कागदांच्या बाबतीत लोक कोठे चुकतात ते मी रोज पाहतो. केसपेपरवर घरचे नाव 'बाळू' आणि आधारवर 'बाळासाहेब'. मग हा बाळू तोच हे सिद्ध करीत बसा. मेडिकल दुकानातून कोऱ्या चिठ्ठीवर औषधे आणतात, रुग्णाच्या नावाचे बिल घेत नाहीत. एक्स-रे पत्र्यावरच्या उन्हात वाकडा होतो. तो एक्स-रे मात्र सोन्यासारखा जपावा, कारण हाड मोडले की कायद्याच्या भाषेत ती गंभीर दुखापत ठरते आणि तिचा पुरावा तोच. दवाखान्यात शिरताच वाहनाचा नंबर, जागा, वेळ आणि धडक कशी बसली हे सांगून केसपेपरवर लिहून घ्यावे. एम.एल.सी.ची नोंद झाली का ते विचारावे. जखमी बेशुद्ध असेल तर सोबतच्याने सांगावे. खोटे मात्र एक अक्षरही सांगू नये. दारू घेतली असेल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये, कारण भूल देताना त्याचा संबंध येतो.

मुदतीचा एक मोठा गैरसमज आहे. १९९४ च्या दुरुस्तीने दाव्याची मुदत काढून टाकली होती, त्यामुळे 'अपघाताच्या दाव्याला मुदत नसते' हे वाक्य खेडोपाडी रुजले. पण १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची मुदत परत आली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि निव्वळ मुदतीच्या कारणाने अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेशही नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाला. परंतु अशा आदेशाच्या भरवशावर झोपून राहणे म्हणजे डॉक्टर आहेत म्हणून विहिरीत उडी मारण्यासारखे आहे. अर्ज अपघात घडला तेथील न्यायाधिकरणाकडे करता येतो, तसाच अर्जदार राहतो तेथेही. म्हणजे बीडहून ऊसतोडीला आलेल्या माणसाचा आमच्या भागात अपघात झाला तरी त्याला तारखांसाठी सोलापूरला खेटे घालण्याची गरज नाही.

चूक कोणाची हे सिद्ध न करताही कलम १६४ खाली मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख मागता येतात. ट्रक ठोकर देऊन पळाला व सापडलाच नाही, तर २०२२ च्या योजनेप्रमाणे मृत्यूला २ लाख व गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. त्यासाठी प्रांत किंवा तहसीलदार कचेरीत चौकशी करावी. उपचारांसाठी २०२५ साली केंद्राची कॅशलेस योजना आली असून त्यात ठरलेल्या रुग्णालयांत सात दिवसांपर्यंत दीड लाखाचे उपचार होतात. मृत किंवा अपंग झालेला शेतकरी असेल तर गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची राज्याची अपघात अनुदान योजना वेगळी आहे, तिचा अर्ज तीस दिवसांच्या आत कृषी खात्याकडे द्यायचा असतो. दुःखाच्या घरात तीस दिवस कसे जातात कळत नाही, म्हणून हे एखाद्या शेजाऱ्याने लक्षात ठेवावे.

आमच्याकडे आणखी एक प्रकार फार. रात्री रस्त्याच्या कडेला उसाची ट्रॉली किंवा पंक्चर झालेला ट्रक विनादिव्याचा उभा असतो आणि मोटारसायकल मागून जाऊन धडकते. 'गाडी तर उभी होती, दावा कशाचा?' म्हणून लोक गप्प बसतात. त्यांनी सातारा जिल्ह्यातील कवठे गावाजवळची घटना ऐकावी. २९ ऑक्टोबर १९८७ च्या पहाटे महामार्गावर ट्रक आणि पेट्रोलचा टँकर यांची टक्कर होऊन टँकर उलटला. त्यातून पेट्रोल गळत राहिले आणि सुमारे चार तासांनी स्फोट होऊन जमलेल्यांपैकी काही जण भाजून दगावले. एका मृत तरुणाच्या आईने भरपाई मागितली. टँकर तर तेव्हा आडवा पडलेला होता, मग तो 'वापरात' कसा, असा वाद न्यायाधिकरणापासून उच्च न्यायालयात आणि तेथून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९१ साली निकाल आईच्या बाजूने लागला. वाहन चालू असलेच पाहिजे असे नाही, हे त्यात ठरले. विनादोष भरपाईची तेव्हाची रक्कम होती अवघी १५ हजार रुपये, आणि त्यासाठी मालक दिल्लीपर्यंत भांडला.

वकिलाचे म्हणाल, तर रुग्णालयाच्या आवारात जे 'टक्क्यावर केस घेतो' म्हणत फिरतात त्यांच्यापासून दूर राहावे. निकालाच्या रकमेवर फी ठरवणे वकिलांना त्यांच्या नियमांनीच मना आहे. तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समिती असते आणि सोलापूरला जिल्हा प्राधिकरण. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातीची माणसे, अपंग आणि कामगार यांना तेथे उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही माहिती मिळते.

त्या चौतीस वर्षांच्या शेतकऱ्याचे सांगायचे राहिले. स्टॅम्पपेपर कोराच परत गेला. मी चिठ्ठीवर ट्रकचा नंबर घालून त्याला सोलापूरच्या सिव्हिलला पाठवले. नडगीत सळई बसवली. हाड चौथ्या महिन्यातही जुळले नव्हते, दुसरी शस्त्रक्रिया झाली. पाचव्या महिन्यात दावा दाखल झाला. मागल्या आठवड्यात नवराबायको दाखवायला आले होते. खताच्या दुकानातल्या प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद तारखेवार लावलेले, एक्स-रे पुठ्ठ्यात घातलेले. ते काम बाईंचे. तो विचारत होता, यंदा रात्रीचे दारे धरायला जाऊ का? मी म्हटले, अजून दोन महिने नाही. बाईंनी लगेच पिशवीतून केसपेपर काढून माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, ते बी ह्याच्यावर लिवा. तारीख घालून."